‘आय ॲडमायर यू’ : कौतुक वाटणं आणि कौतुक करणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: “ऑफिसमधल्या वरिष्ठ मॅडमच्या निरोप समारंभात मी इंग्रजीत चार वाक्यं बोललो आणि शेवटी ‘मॅडम, आय ॲडमायर यू’ म्हणालो. मागच्या रांगेत दोघे-तिघे फिसकन हसले. माझ्या शब्दकोशात तर ‘प्रशंसा करणे, स्तुती करणे’ असा साधा अर्थ दिलाय. माझं काय चुकलं? आता त्यांना भेटकार्डावर दोन ओळी लिहून पाठवायच्या आहेत. हा शब्द वापरू की नको?”

वापरा, बिनधास्त वापरा. हसणाऱ्यांना बहुधा ‘ॲडमायरर’ म्हणजे चोरून फुलं पाठवणारा चाहता, एवढंच आठवलं असणार. तोही अर्थ या शब्दाच्या घरातलाच आहे, त्याच्याकडे येतोच. तुमचं वाक्य व्याकरणात बसतं, भावनाही योग्य होती; फक्त ते अर्धवट राहिलं. खरी गडबड मात्र तुम्ही ज्याला बिनचूक समजताय तिथे आहे, म्हणजे शब्दकोशातल्या त्या ‘प्रशंसा करणे’मध्ये.

मी गेली सत्तावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतोय आणि संध्याकाळी नोकरदारांचे इंग्रजीचे वर्ग घेतोय. या एका क्रियापदाने दोन्हीकडे माझा पुरेसा छळ केलाय, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

वर्गातल्या एका मुलाने परदेशी विद्यापीठासाठी अर्ज लिहून आणला होता. त्यात एक वाक्य होतं: ‘माय टीचर्स हॅव ऑलवेज ॲडमायर्ड मी.’ त्याला म्हणायचं होतं, ‘शिक्षक नेहमी माझं कौतुक करायचे.’ साधी, गोड गोष्ट. पण इंग्रजी वाचणाऱ्याला ते कसं ऐकू येईल? माझे सगळे गुरुजन माझ्याकडे आदराने, थक्क होऊन पाहत आले आहेत, असं. म्हणजे हा मुलगा तिथे शिकायला येतोय की दर्शन द्यायला? मी त्याला ‘ॲडमायर्ड’ खोडून ‘प्रेझ्ड माय वर्क’ लिहायला लावलं. त्याला ते फिकं वाटलं. शब्दकोशात दोन्हींसमोर ‘प्रशंसा करणे’च तर होतं!

इथेच सगळी मेख आहे. ‘ॲडमायर’ ही मनातल्या मनात घडणारी गोष्ट आहे. त्यासाठी तोंड उघडावं लागत नाही. एखाद्याला तुम्ही वीस वर्षं ॲडमायर करत राहाल आणि त्याला त्याचा पत्ताही नसेल. ‘प्रेझ’ला मात्र शब्द लागतात, ‘कॉम्प्लिमेंट’ला तर समोर माणूस लागतो. ‘ही ॲडमायर्ड हर इन सायलेन्स’ हे सरळ वाक्य झालं. तिथे ‘प्रेझ्ड’ घालून पाहा, लगेच अडखळायला होतं. गप्प राहून स्तुती कशी करणार?

गंमत म्हणजे हा भेद मराठीत पक्का आहे. आपण तो नामात न ठेवता क्रियापदात ठेवलाय. ‘मला तिचं कौतुक वाटतं’ हे आतलं, ‘मी तिचं कौतुक केलं’ हे बाहेरचं. मग गोंधळ का होतो? कारण आपल्याकडे आतल्या गोष्टी आपण करत नाही, त्या आपल्याला होतात. मला भूक लागते, मला राग येतो, मला कौतुक वाटतं. इंग्रजी मात्र ‘मी’ला पुढे करून मोकळी होते: ‘आय ॲडमायर.’ ते ‘मी’ दिसलं की आपण बेसावध होऊन शेवटी ‘करणे’ जोडतो, आणि वाटणं होतं ते करणं होऊन बसतं. तुमच्या शब्दकोशकारांचंही बहुधा हेच झालं.

मग ‘ॲडमायर’ म्हणजे ‘कौतुक वाटणे’ म्हणायचं आणि विषय संपवायचा? तेवढं सोपं असतं तर मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं.

मराठी कौतुकाला उतार असतो. आजीला नातवाचं कौतुक, सासरच्यांना नव्या सुनेचं कौतुक (पहिली दोन वर्षं तरी), वाड्यातल्यांना दहावीत नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलीचं कौतुक. पाणी वरून खाली येतं तसं. उलट दिशेने सोडायचं तर पंप लावावा लागतो: ‘या वयातही रोज पर्वतीला जाता, खरंच कौतुक वाटतं हो तुमचं!’ त्यातलं ‘या वयातही’ आणि ‘खरंच’ हा पंप. नुसतं ‘मॅडम, मला तुमचं कौतुक वाटतं’ म्हणालात तर पाठीवर थाप मारल्यासारखं होईल, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या मॅडमना पस्तिशीतल्या माणसाने थाप मारू नये.

‘ॲडमायर’चा कल साधारण वरच्या दिशेने किंवा बरोबरीचा असतो. लहानालाही ॲडमायर करता येतं, पण त्या क्षणापुरता तो लहान आपल्यापेक्षा मोठा झालेला असतो. सहा वर्षांची मुलगी दवाखान्यात सुई टोचून घेताना रडली नाही आणि उलट आईलाच ‘घाबरू नकोस’ म्हणाली. ‘आय ॲडमायर हर करेज’ असं तिच्याबद्दल डॉक्टर म्हणाले, तर त्यात ‘कित्ती शहाणी बाई!’ असा लाड नाही. मला हे जमलं नसतं, अशी कबुली आहे.

तर मोठ्यांसाठी ‘आदर वाटतो’ म्हणावं का? बऱ्याचदा हेच योग्य ठरतं, आणि तुमच्या मॅडमच्या बाबतीत तर नक्कीच. पण आदर कोरडाही असू शकतो. आदर वयाचा असतो, खुर्चीचा असतो, नात्याचा असतो. नाही वाटला तरी दाखवावा लागतो. इंग्रजीत त्याला ‘रिस्पेक्ट’ आहेच. ‘ॲडमायर’मध्ये सक्ती नसते. त्यात आदर असतो, आवड असते आणि चिमूटभर नवल असतं. हे नवल गळालं की भाषांतर बेचव होतं. ‘भारावून जाणे’ वापरावं तर ते फार ओलं, सत्कार समारंभातलं. ‘प्रशंसा’ ही कोणी घरात बोलत नाही, ती मानपत्रात असते.

मला बोलीतला सगळ्यात जवळचा शब्द सापडला तो ‘मानणं’. ‘त्या माणसाला मी मानतो.’ ‘मानलं बुवा तुला!’ यात ‘मी’ही पुढे आहे, आदर आहे, नवल आहे आणि सक्ती अजिबात नाही. अडचण दोन. एक तर हा शब्द दहा ठिकाणी राबतो: देव मानणं, बहीण मानणं, सल्ला मानणं, हार मानणं. दुसरं, त्याला जरा कट्ट्यावरचा वास येतो. ‘आपण मानतो बॉस तुम्हाला’ हे वाक्य भेटकार्डावर नाही चालणार. पण कादंबरीत रिक्षावाला बोलत असेल तर मी डोळे मिटून हेच वापरतो.

आता त्या नवलाबद्दल, कारण शब्दाचा जीव तिथेच आहे. लॅटिनमध्ये ‘अद्मिरारी’ असं क्रियापद होतं. त्यातलं ‘मिरारी’ म्हणजे नवल वाटणे, आणि ‘अद्’ने ते कशाकडे तरी वळवलं. फ्रेंचमार्गे हा शब्द सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आला, तेव्हा त्यात स्तुती वगैरे असायलाच हवी असं नव्हतं. अचंबा, एवढंच पुरे. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये, अगदी शेवटच्या पुस्तकात, संतांच्या रक्ताने झिंगलेली एक भयंकर स्त्री योहानाला दिसते आणि तो म्हणतो की ते पाहून त्याला मोठं ‘ॲडमिरेशन’ वाटलं. आजच्या अर्थाने वाचलं तर अंगावर काटा येईल. त्याला म्हणायचंय ‘मी चकित झालो’. हॅम्लेटलाही बापाचं भूत दिसल्याची बातमी देताना त्याचा मित्र होरेशियो ‘तुमचं ॲडमिरेशन जरा आवरा’ अशा अर्थाचं काहीतरी सांगतो, तेही हेच. शेक्सपिअरने ‘टेम्पेस्ट’मधल्या नायिकेला ‘मिरांडा’ हे नाव दिलं तेही याच कुळातलं: जिच्याकडे पाहून नवल वाटावं अशी. चमत्कार म्हणजे ‘मिरॅकल’ आणि आरसा म्हणजे ‘मिरर’ हेही याच घरातले.

भाषेचे अभ्यासक या ‘मिर’चं नातं पुढे संस्कृत ‘स्मि’ धातूशी जोडतात. ‘स्मित’मधला आणि ‘विस्मय’मधला तो. म्हणजे ‘ॲडमायर’ आणि ‘विस्मय’ ही लांबची भावंडं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर तोच एक विचार डोक्यात होता. (‘ॲडमिरल’ मात्र या घरचा नाही, दिसतो तसा असला तरी. तो अरबी ‘अमीर’वरून आला, आपल्या अमीर-उमरावांतला अमीर. युरोपात कोणीतरी त्याला लॅटिन ‘ॲडमिराबिलिस’शी जुळवून मध्ये ‘ड’ घुसडला.)

आणि आपलं ‘कौतुक’ही याच वाटेने आलंय. ‘त्यात काय कौतुक?’ म्हणजे त्यात नवल ते काय. ‘एकेक कौतुकच ऐकावं’ असं शेजारणीबद्दल म्हणताना कुणी शेजारणीची स्तुती करत नसतं. ‘मेलं कौतुक!’ तर बोलूच नका. ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ या ज्ञानेश्वरांच्या ओवीतल्या ‘कौतुकें’चा अर्थ अनेक जण ‘सहज, लीलेने’ असा लावतात. शाबासकीचा तिथे संबंध नाही. नवलापासून निघून शाबासकीपर्यंत दोन्ही शब्द पोचले, फक्त आपल्याने वाटेत तोंड उघडलं आणि इंग्रजांच्याने मिटूनच ठेवलं.

नुसतं पाहण्याचा एक अर्थही या क्रियापदाला आहे, आणि नवशिके भाषांतरकार हमखास त्यात पडतात. मी पडलो होतो. एका कथेत मुलगी नवी साडी नेसून आरशासमोर उभी राहून स्वतःला ‘ॲडमायर’ करत होती. मी लिहिलं, ‘ती आरशासमोर उभी राहून स्वतःचं कौतुक करत होती.’ संपादकांनी लाल पेनाने गोल केला आणि समासात लिहिलं: ‘आरशाशी बोलत होती का?’ पंचवीस वर्षं झाली, तो गोल अजून दिसतो मला. तिथे हवं होतं ‘स्वतःला न्याहाळत होती’. आनंदाने, थोडं रेंगाळून, पुन्हा पुन्हा पाहणं. घाटात गाडी थांबवून लोक ‘व्ह्यू ॲडमायर’ करतात तेव्हा ते दरीची स्तुती करत नसतात, डोळे भरून पाहत असतात (निदान फोन बाहेर काढेपर्यंत).

इंग्रज माणूस तुमच्या अंगणात उभा असताना तुम्ही अचानक बाहेर आलात, तर तो म्हणेल, ‘आय वॉज जस्ट ॲडमायरिंग युवर रोझेस.’ मराठीत हे कसं म्हणाल? ‘मी तुमच्या गुलाबांचं कौतुक करत होतो’ असं तो म्हणाला तर त्याच्याबरोबर आणखी कुणी उभं आहे का हे तुम्ही शोधू लागाल. आपल्याकडचा माणूस म्हणतो, ‘काय सुरेख गुलाब फुललेत हो!’ क्रियापद बिनकामाचं होतं, गेलं.

या पाहण्याच्या अर्थामुळे काळाचा एक सापळा तयार होतो, तो तुम्हाला उपयोगी पडेल. पाहणं चालू असतं, म्हणून तिथे ‘ॲडमायरिंग’ शोभतं. मनातली भावना मात्र चालू-बंद होत नाही, म्हणून तिच्यासाठी साधा वर्तमानकाळ. आपल्याला प्रत्येक क्रियापदाला ‘इंग’ लावायची खोड आहे. ‘आय ॲम ॲडमायरिंग माय फादर’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते असं: वडील सोफ्यावर बसलेत आणि मुलगा समोर उभा राहून त्यांना निरखतोय. ‘आय ॲडमायर माय फादर’ म्हणा.

व्याकरणाचं बाकीचं भरभर सांगतो. कर्म थेट येतं, मध्ये काही लागत नाही. ‘त्याला’मधल्या ‘ला’मुळे ‘ॲडमायर टू हिम’ आणि ‘धैर्याबद्दल’मधल्या ‘बद्दल’मुळे ‘ॲडमायर अबाउट हिज करेज’ असं आपल्या तोंडून निसटतं; दोन्ही चूक. माणूस आणि कारण दोन्ही सांगायचं तर मध्ये ‘फॉर’: ‘आय ॲडमायर हिम फॉर हिज करेज.’ कारण क्रिया असेल तर ‘फॉर’नंतर ‘इंग’वालं रूप. ‘आय ॲडमायर दॅट यू नेव्हर गिव्ह अप’ हे हल्ली बोलताना ऐकू येतं, पण लिहिताना ‘द वे यू’ किंवा ‘हाउ यू’ बरं. ‘व्हेरी ॲडमायर्ड’ म्हणू नका, ‘मच ॲडमायर्ड’ किंवा ‘ग्रेटली ॲडमायर्ड’ म्हणा. नाम ‘ॲडमिरेशन’, आणि त्याच्यापुढेही बहुतेक वेळा ‘फॉर’. ‘आय हॅव ॲडमायर फॉर हिम’ हे मी अर्जांमध्ये इतक्यांदा पाहिलंय की आता दुरुस्त करताना पेन आपोआप चालतं.

उच्चाराचं मात्र जरा सावकाश. देवनागरीत आपण ‘ॲडमायर’ लिहितो आणि त्या ‘ॲ’मुळेच फसतो. प्रत्यक्षात सुरुवात अगदी हलकी, ‘अड्’सारखी, पुसट, सगळं वजन ‘माय’वर. आणि ‘ॲडमिरेबल’ला नेमकं उलटं: तिथे वजन पहिल्या ‘ॲड’वर, पुढचं सगळं घाईत, ‘ॲड्मिरबल’. निम्मा वर्ग तरी ‘ॲडमायरेबल’ म्हणतो, कारण तर्काने तेच बरोबर असायला हवं. इंग्रजी उच्चार तर्काला विचारून ठरले असते तर माझे वर्ग केव्हाच बंद पडले असते. ‘ॲडमिरेशन’मध्ये वजन ‘रे’वर सरकतं. तिन्ही शब्द लागोपाठ दहा वेळा म्हणा, घरच्यांनी विचारलं तर माझं नाव सांगा.

आता शेजारपाजार. ऑफिसात तुमची गाठ सगळ्यात जास्त ‘अप्रिशिएट’शी पडणार, म्हणून त्याच्यापाशी थांबतो. त्याच्या पोटात किंमत आहे, दाम. जमिनीचा भाव चढतो तेव्हाही इंग्रजीत हेच क्रियापद. ‘आय अप्रिशिएट युवर हेल्प’ म्हणजे तुमच्या मदतीची किंमत मला कळते, म्हणजेच आभारी आहे. तिथे ‘आय ॲडमायर युवर हेल्प’ म्हणालात तर ऐकणारा गोंधळेल: मदत घेतली की लांबून पाहिली? मॅडमनी तुमची रजा अडवली नाही, त्यासाठी ‘अप्रिशिएट’. मॅडम स्वतः आजारी आईला सांभाळून रोज साडेनऊला हजर असायच्या, त्यासाठी ‘ॲडमायर’. एकात तुम्हाला काहीतरी मिळालेलं असतं, दुसऱ्यात काहीही मिळालेलं नसताना वाटलेलं असतं.

‘लुक अप टू’ला शिडी लागते: वरचा आणि खालचा. धाकटा थोरल्याला, शिकाऊ उस्तादाला. ‘ॲडमायर’ बरोबरीच्यालाही चालतं, शत्रूलाही. आणि आवडलंच पाहिजे असंही नाही. ज्याचं तोंडही पाहू नये असं वाटतं त्याच्या शिस्तीपुढे मान तुकते, ते ‘ग्रजिंग ॲडमिरेशन’, नाइलाजाने दिलेली दाद. ‘यू हॅव गॉट टू ॲडमायर हिज नर्व्ह’ म्हणजे ‘हिंमत मानली पाहिजे बेट्याची’. पाहा, पुन्हा ‘मानणं’च आलं मदतीला.

‘दाद’ हाही सुंदर शब्द, फारसी. मूळ अर्थ न्याय, म्हणून कोर्टात दाद मागतात. मैफलीत देतात तीही एका अर्थी न्यायच. पण ती बाहेरची गोष्ट, हात उचलून, मान हलवून, ‘क्या बात है’ म्हणून दिलेली. म्हणून ‘ॲडमायर’साठी मी ‘दाद’ तेव्हाच वापरतो, जेव्हा मूळ वाक्यात भावना चेहऱ्यावर आलेली असते. ‘वाखाणणे’ तर व्याख्यानाच्याच घरातलं, त्याला तोंड बंद ठेवता येणारच नाही.

हे क्रियापद टोचायलाही वापरतात, सावध राहा. तुम्ही सांगितलंत की पुण्याहून मुंबईला शुक्रवारी संध्याकाळी दोन तासांत पोचू, आणि समोरचा शांतपणे म्हणाला, ‘आय ॲडमायर युवर ऑप्टिमिझम,’ तर थँक्यू म्हणू नका. तो म्हणतोय, ‘धन्य आहे तुझी!’ मराठीतही ‘धन्य’ एकेकाळी खरोखर धन्य होतं. तसंच ‘म्युच्युअल ॲडमिरेशन सोसायटी’. ऐकायला एखादी नोंदणीकृत संस्था वाटते, पण आहे टोमणा: एकमेकांची पाठ खाजवणारी मंडळी. यासाठी मला कधी शब्द शोधावा लागला नाही. उंटाच्या लग्नात गाढवं गायला आली, आणि गाढवं उंटाच्या रूपाला वाखाणतायत, उंट गाढवांच्या गळ्याला. ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’. संस्कृत आहे, पण मराठी घरात ते रोजच्या वापरातलं.

आता तुमच्या मागच्या रांगेकडे. ‘ॲडमायरर’ला प्रेमाचा रंग आहे, तो जुना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत तरुण मुलीचा ‘ॲडमायरर’ म्हणजे तिच्यावर नजर ठेवून असलेला, लग्नाचं विचारू पाहणारा गृहस्थ. 1813 सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत नायक डार्सी नायिकेला मागणी घालताना ‘ॲडमायर’ आणि ‘लव्ह’ ही दोन्ही क्रियापदं एका दमात वापरतो. दोन्ही वापरावी लागली, यावरूनच कळतं की एकात दुसरं आपोआप येत नाही. आज तो रंग ‘सीक्रेट ॲडमायरर’ या जोडीत उरलाय. नुसत्या ‘आय ॲडमायर यू’ला तो नाही, उलट एखाद्याने प्रेम व्यक्त केल्यावर समोरून ‘आय ॲडमायर यू, बट’ असं आलं, तर पुढचं वाक्य ऐकायची गरज नसते.

पण तुमचं वाक्य ‘यू’वर थांबलं. का, कशासाठी, ते आलंच नाही. इंग्रजी कानाला तिथे एक पायरी गळाल्यासारखी वाटते, आणि ती पायरी ऐकणारा आपापल्या मनाने भरतो. मागच्या रांगेने आपल्या परीने भरली. ‘फॉर’ घातलं असतंत तर हसायला जागाच राहिली नसती.

तेव्हा कार्डासाठी आधी एक गोष्ट आठवा. मोठी नको, नेमकी हवी. मला तुमच्या मॅडम माहीत नाहीत, म्हणून मीच एक कल्पतो: ऑडिटच्या दिवशी चूक नव्या मुलाची होती, आणि साहेबांसमोर मॅडम म्हणाल्या, ‘सही माझी आहे, माझ्याशी बोला.’ मग वाक्य असं होईल: ‘मॅडम, आय हॅव ऑलवेज ॲडमायर्ड द वे यू स्टुड बाय युवर टीम, अँड आय स्टिल थिंक ऑफ दॅट ऑडिट डे.’ यातलं ‘हॅव’ गाळू नका. ‘आय ऑलवेज ॲडमायर्ड यू’ असं नुसत्या भूतकाळात लिहिलंत तर ते श्रद्धांजलीसारखं वाचलं जाईल. वाटायचं, आता नाही वाटत, किंवा बाई आता नाहीत. मॅडम फक्त निवृत्त झाल्यात.

आणि मॅडम मराठी असतील तर मराठीतच का लिहीत नाही? ‘मॅडम, ऑडिटच्या दिवशी तुम्ही “सही माझी आहे” म्हणालात, ते मी विसरलेलो नाही. तुमच्याबद्दल आदर होताच, त्या दिवशी तुम्हाला मानलं.’ बघा, जमतंय. त्या यावर ‘अहो, कसचं कसचं’ म्हणतील, पण कार्ड कपाटात जपून ठेवतील.

फक्त खाली सही करताना ‘युवर ॲडमायरर’ असं लिहू नका. मग ते दोघे-तिघे हसले, तर मी त्यांच्या बाजूने.